पाटीवरची शालन

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी निखिल आला. दादाचा मुलगा, दुकान आता तोच बघतो. हातात श्रीखंडाचे दोन डबे. एक डबा आणला की ख्यालीखुशाली, दोन आणले की काम, हे मला आता पाठ झालंय.

डेअरी विकायची चाललीय. मुंबईची कंपनी. गाळा नको, मशिनं नकोत, फरसाणाचा काउंटर नको. फक्त नाव हवं. ‘शालन’. आणि त्यासाठी माझी सही हवी. मी म्हटलं, ठेव कागद, बघते. चहा न घेता गेला. डबे फ्रीजमध्ये. आमच्याकडे श्रीखंड फक्त हे खातात, आणि ह्यांना साखर वर्ज्य.

२२ फेब्रु., रवि.

कागद वाचला. मी विजया, पूर्वाश्रमीची शालन, मला माझे नाव दूध, दही, श्रीखंड, पेढे, फरसाण ‘व भविष्यातील अन्य उत्पादने’ यांवर वापरण्यास कायमची हरकत नाही. नि.ला फोन करून विचारलं, भविष्यातील अन्य उत्पादनं म्हणजे काय, फिनेल पण? तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

बाबांनी रविवार कारंजाजवळ गाळा घेतला तो आणि माझं बारसं एकाच आठवड्यात. पाटीवर मुलीचं नाव टाकलं म्हणून लोक अजून बाबांचं कौतुक करतात. करोत. त्या पाटीखाली बसून चक्क्याची फडकी लग्न होईपर्यंत मीच धुतली. हातांचा आंबट वास जायचा नाही, शाळेत बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. बाबा गेल्यावर हक्कसोड लिहून दिलं. ती सही विजया म्हणून केली. तेव्हा कुणालाच शालन नको होती.

२५ फेब्रु., बुध.

दादाकडे गेले. कुंभमेळ्यासाठी सगळे रस्ते खोदून ठेवलेत. रिक्षावाल्याने कुठून कुठून फिरवलं, कंबर मोडली.

दादा खिडकीपाशी, खुर्चीत. उजवी बाजू गेल्या वर्षीपासून गेलेली. मला बघून म्हणाला, “शाले. जेवलीस?” अकरा वाजले होते. हो म्हटलं. आता मला शालन म्हणणारं माणूस जगात एकच उरलंय आणि त्याची जीभ निम्मी लुळी.

विचारलं, दुकान द्यायचं असं चाललंय, तुझं काय मत? बराच वेळ शब्द शोधत होता. मग, “नि... झोप नाही त्याला.” एवढंच. आणि डोळ्यांतून पाणी. हल्ली कशानेही येतं, डॉक्टर म्हणाले मनावर घेऊ नका. मी घेतलं. वहिनी म्हणाली, “तुम्ही आलात की दिवसभर असेच असतात हे.” म्हणजे येऊ नको की ये, कळेना. पुढचं काही विचारवलं नाही.

१ मार्च, रवि.

कंपनीची मुलगी आली, बरोबर कॅमेरावाला. ‘खऱ्या शालनताई’ पाहिजेत म्हणे, जाहिरातीसाठी. मुलगी गोड होती, बोलायला लाघवी. मला नऊवारी नेसाल का विचारलं. माझी आईसुद्धा पाचवारी नेसायची.

“लहानपणी रोज सकाळी बाबा तुम्हाला ताजं दूध प्यायला द्यायचे ना?”

म्हटलं, मला दुधाचा वास सहन होत नाही. कोरा चहा पिते.

“ते आपण नको घेऊ या.”

मग दुकानाच्या आठवणी. म्हटलं, पाडव्याच्या आदल्या दिवशी चक्का इतका टांगलेला असायचा की घरात चालायला वाट नसायची, खाली पातेली, डोक्यावर थेंब. हे तिला आवडलं. एका पाडव्याला बाबांनी चक्का आंबला म्हणून सगळा नाल्यात ओतला आणि आम्ही दोघं भावंडं उपाशी झोपलो, हे नाही आवडलं. जाताना म्हणाली, किती छान जुना काळ होता ना. मी दार लावून आडवी पडले. संध्याकाळपर्यंत उठवेना.

५ मार्च, गुरु.

काही नाही. गुडघा. भांडीवाली आली नाही. नि.चे दोन फोन, उचलले नाहीत.

८ मार्च, रंगपंचमी

जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडल्यामुळे रस्ते बंद, दुकानाकडे पाय ठेवायला जागा नाही. त्यामुळे नि.ला अर्धा दिवस मिळाला आणि तो सरळ इकडे आला. कानामागे हिरवा रंग, शर्टाची वाट लागलेली. टॉवेल दिला.

मीच सुरुवात केली. म्हटलं, नाव माझं, विकणारा तू, असं कसं? बोलून गेले आणि वाईट वाटलं. त्याचा चेहरा पडला.

“आत्या, तू नाही म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही. पण तसं स्पष्ट सांग. मग मी त्यांना नाही कळवतो. नावाशिवाय ते घेणार नाहीत.”

“आणि मग?”

“मग काय. पहाटे साडेतीन. आहेच.”

त्याची मुलगी पुण्याला, ती येणार नाही. कामगार टिकत नाहीत. दिंडोरीकडचे दूधवाले आता मोठ्या डेअऱ्यांना घालतात. बीपीची गोळी दोनदा झाली. हे सगळं तो दुसऱ्याच कुणाचं तरी सांगावं तसं सांगत होता. सांगता सांगता सोफ्यावर झोपला. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसाच. कपाळाशी केस पांढरे झालेत, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. चादर घातली. चार वाजता दुकानातून फोन आला, उठून गेला. पाडव्याची गर्दी ओसरेपर्यंत सांग म्हणाला, कंपनी तेवढं थांबेल.

सही करून टाकावी. काय धरून बसलेय मी?

१२ मार्च, गुरु.

वकीलबाईंचा फोन. आधारवर विजया, शाळेच्या दाखल्यावर शालन. तेव्हा कागदावर दोन्ही सह्या लागतील. आताच्या नावाची एक आणि आधीच्या नावाची एक. म्हणजे शालन होऊन लिहून द्यायचं की शालन माझी नाही.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “करून टाक. तुला तर ते दूधही आवडत नाही.”

म्हटलं, दुधाचा काय संबंध. नाव माझं होतं, तुमच्या घरात आले आणि गेलं.

हे आमटी वाढून घेत अगदी सहज म्हणाले, “ते मी नव्हतं बदललं. आईचं होतं. तिला पाटीवरचं नाव घरात नको होतं.”

मी विचारलं, म्हणजे?

“शहरात तीन ठिकाणी पाट्या होत्या तुमच्या. आई म्हणाली, सुनेला हाक मारली की शेजारी विचारतील श्रीखंड आलं का. हसतील लोक.”

“आणि तुम्ही?”

“मला शालन आवडलं होतं तसं. पण आईपुढे कोण बोलणार तेव्हा.”

इतकी वर्षं मी समजत होते, रीत आहे, सगळ्यांचीच बदलतात. ताटातल्या तांदळावर अंगठीने विजया लिहिलं, मी पण वाकून वाचलं. धाकट्या जावेचं नाव तसंच ठेवलं तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. बाबांनी कौतुकाने नाव पाटीवर टाकलं आणि त्या पाटीपायीच ते माझ्याकडून गेलं. राग कुणाचा धरायचा? बाबा गेले, सासूबाई गेल्या. हे समोर आहेत तर ह्यांना ऐकू कमी येतं.

संध्याकाळी दोन्ही डबे कामवालीला देऊन टाकले.

१५ मार्च, रवि.

दादाकडे परत. ह्यावेळी स्पष्ट विचारलं. “दादा, नाव देऊ का?” डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बोलायला जमेना. वहिनी मधे म्हणाली, “त्यांना कशाला त्रास देता वन्सं, निखिलने ठरवलंय ना.” दादाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुझं,” म्हणाला. तुझं नाव, की तुझं तू बघ? दोनदा विचारलं. तेच म्हणाला.

सुटका नाही.

१९ मार्च, पाडवा

दर वर्षीसारखी दुकानावर मदतीला गेले. कदाचित शेवटचा. सकाळी सहाला रांग कारंजापर्यंत. मी कूपन फाडायला बसले. नि. आत वजनाला, घामाने निथळत, तरी प्रत्येकाला “घ्या, काका” “घ्या, मावशी”. गिरणारे गावचे जुने दूधवाले रामनाथ भेटले. “ताई, लय वर्सं झाली ओ. नवे लोक आमचं दूध घ्येतील का नाय?” काय सांगणार. म्हटलं, घेतील.

एक बाई, माझ्याच वयाच्या, कूपन घेताना म्हणाल्या, “आमच्याकडे शालनशिवाय पाडवा होत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून.” मी बरं म्हटलं. त्या पुढे सरकल्या. सांगावंसं वाटलं, मीच ती. पण रांग मोठी होती, आणि सांगून तरी काय, त्यांना श्रीखंड हवं होतं.

दुपारी एकला संपलं सगळं. नि. पोत्यावर बसून पाणी पीत होता. माझ्याकडे बघून हसला, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याच वेळी मनात आलं, ह्याला सोडवायला हवं. आणि घरी येईस्तोवर मनातून गेलं.

२१ मार्च, शनि.

नि. उद्या सकाळी येणार. हो की नाही, ते उद्याच सांगते म्हटलं.

दुपारी कागद काढून बसले. सही करायची असं काही ठरवलं नव्हतं, बघावं म्हटलं. विजयाच्या सहीचं काही नाही, बँकेत करते तीच. शालनची आधी वर्तमानपत्राच्या कडेला करून बघितली.

श ची शेपटी लांब, पार न च्या खाली ओढलेली. ल चं पोट गोल. हे माझं अक्षर नाही. बाबांची पाटी रंगवणाऱ्या पेंटरचं आहे. दुधाच्या पिशवीवर, डब्याच्या झाकणावर, टेम्पोच्या पाठीवर आहे तसं. पुसायला नव्हतं म्हणून खाली दुसरी केली, मुद्दाम छोटी, शेपटी न ओढता. हात आपोआप खाली गेला. तिसरी, चौथी. सगळा कडेचा भाग भरला, सगळीकडे डेअरी.

हे चष्मा लावून वाकून बघत होते. म्हणाले, “तुझी सही अशी होती?”

लग्नाआधी कुठे तरी करतच असणार. शाळेत, पोस्टात. म्हटलं, “आठवत नाही.”