रमेचे लांबलेले तीन दिवस

१० फेब्रुवारी १९५७
रमा मॅट्रिकला बसणार! फॉर्म मीच भरला होता. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "स्वैपाक माझ्याकडे. तू फक्त वाच."

११ फेब्रुवारी
शेजारच्या इंदूबाईंनी मला कणीक मळताना पाहिलं. "काहून मास्तर, तुमी?" मी गडबडलो अन् बोलून गेलो — "रमेला कावळा शिवलाय." झालं, समाधान! बायको तीन दिवस बाजूला बसली की अकोल्यातला कोणताही पुरुष चुलीपुढे बसतो, कुणी हसत नाही. बायको अभ्यासाला बसली की मात्र हसतात.

१४ फेब्रुवारी
चौथा दिवस. रमेचं बीजगणित अर्धंही झालं नाही. इंदूबाईंना सांगितलं, "अजून बसलीच आहे."

१९ फेब्रुवारी
नववा दिवस. अंगावरून जाणं थांबावं म्हणून इंदूबाईंनी अशोकाच्या सालीचा काढा धाडला. रमेला कळू नये म्हणून मीच प्यालो. पोळ्या मात्र आता फुगतात!

२३ फेब्रुवारी
बातमी तेल्हाऱ्याला आईपर्यंत पोचली. आई उत्तमराव वैद्यांना घेऊनच आली. वैद्यांनी दारातूनच निदान केलं — परीक्षा बंद, चैत्रापर्यंत पडून राहायचं. आईने तर माझ्यासाठी दुसरी मुलगीही हेरून ठेवली आहे! म्हटलं, "आता कायद्यानं बंदी आहे." म्हणाली, "कायदा काय तुले पोळ्या करून घालते?"
रमेने सगळं ऐकलं. "तुमची लाज झाकायले माझं अंग गल्लीभर केलं?"
परीक्षा माझ्यामुळेच बुडणार.

२४ फेब्रुवारी
सर्वांसमोर खरं सांगितलं — रमा धडधाकट आहे, ती वाचते, मी रांधतो. आईने डोळ्यांना पदर लावला. इंदूबाई कळवळल्या, "बिचारे मास्तर! बायकोचा आजार झाकायले सोताले बदनाम करून राहिले!"
कुणी विश्वासच ठेवत नाही!

५ मार्च
पहिला पेपर. रमेला अडवायला आई दारात ठाण मांडून बसलेली. मी तिच्या बाजूनेच शेगडी, पोळपाट घेऊन पुढच्या ओट्यावर आलो आणि पोळ्या लाटू लागलो. गल्ली जमली. "चिंतामण! लोक पाहून राहिले!" म्हणत आई लाटणं ओढायला धावली. दार मोकळं झालं. रमा सगळ्यांच्या पाठीमागून सरळ परीक्षेला गेली. पोळी करपली, पण मला फार आनंद झाला.

६ मार्च
रमा जेवताना म्हणाली, "मले तिसरा महिना लागला. खोटं बोलायच्या आधी दिवस तरी मोजायचे!"