अंडरस्टिअर भरपूर

४ ऑगस्ट
आजपासून ग्रुपवर फक्त शुद्ध टेक्निकल भाषा. गाडीप्रेमींचा ग्रुप आहे, भाजीबाजार नव्हे. ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टरला समजावलं: हॉर्सपॉवर म्हणजे गाडी किती पळते, टॉर्क म्हणजे तिने मनावर घेतलं तर किती पळेल. सगळे गप्प. पटलं असावं.

५ ऑगस्ट
डॉक्टर म्हणतो, ‘आरपीएम पर मिनिट’ म्हणू नये, मिनिट आरपीएममध्येच आलं. जन्मभर लोकांच्या तोंडात बोटं घालायची सवय! दुर्लक्ष करायचं ठरवलं. मग लांबलचक उत्तर लिहिलं.

१० ऑगस्ट
मेहुणा जुनी गाडी घेतोय. हिच्या माहेरची पहिलीच गाडी. सासऱ्यांचा स्वतःहून फोन: तुम्ही म्हणाल तीच घेऊ. लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या आदराने बोलले.
मीच चालवून बघितली. पुढचे टायर अगदी गुळगुळीत. मेहुण्याला म्हटलं, याला स्लिक म्हणतात, रेसच्या गाड्यांना असतात. वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. त्यालाही शब्द आहे, अंडरस्टिअर. तो म्हणाला, भाऊजी, हे चांगलं असतं ना? म्हटलं, भरपूर आहे. व्यवहार तिथेच ठरला.

११ ऑगस्ट, सकाळी
ग्रुपवर गाडीचा फोटो टाकला, टायर दिसतील असा. डॉक्टर: आधी टायर बदला, ओल्या रस्त्यावर गाडी वळणार नाही. निव्वळ मत्सर. मेहुण्याला कळवलं नाही. उगाच घाबरायचा.

१७ ऑगस्ट
रस्ता ओला होता. मेहुणा सासऱ्यांना घेऊन निघाला होता. वळणावर गाडी वळलीच नाही, कुंपण तोडून रोपवाटिकेतल्या गुलाबांत घुसली. मेहुणा धड आहे. सासऱ्यांचं मनगट मोडलं.
हॉस्पिटलात मेहुण्याला सांगत होतो की मुळात हा ओव्हरस्टिअरचा प्रकार, म्हणजे गाडी गरजेपेक्षा जास्त वळते तो. ही म्हणाली, अहो, एक शब्द बोलू नका.

१८ ऑगस्ट
ग्रुपवरचा दातांचा डॉक्टर बातमी ऐकून सासऱ्यांना बघायला आला. भला माणूस, पण वेळ-काळ कळत नाही. हिच्यासमोरच म्हणाला, टायर बदलायचे राहूनच गेले का? मी सांगितलं होतं यांना.
हिने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइन किती आरपीएमने पडतंय ते बघत होतो.

२१ ऑगस्ट
ही अजून बोलत नाही. जेवण टेबलावर झाकून ठेवते. ग्रुप सोडला. तिथली लेव्हल राहिली नव्हती.

८ सप्टेंबर
गाडी दुरुस्त होऊन आली. नवे टायर. मेहुण्याने डॉक्टरला विचारून घेतले. सगळ्यांनी चक्कर मारायला जायचं ठरलं. मी किल्लीसाठी हात पुढे केला. मेहुण्याने त्या हातात पाण्याची बाटली दिली. पुढे सासरे, हात गळ्यात बांधलेला. मी आणि ही मागे. म्हणालो, गाडीचा बॅलन्स खरा मागूनच कळतो. कोणी विचारलं नव्हतं.
पट्टा कुठे अडकवायचा ते सापडेना. सासरे पुढून म्हणाले, थांब रे, यांचं होऊ दे. मेहुणा थांबला. हिने वाकून खट्‌कन लावून दिला.