खांब आणि भिंतीलगतची पट्टी

मी, पुष्पाबाई रूपचंद नेहेते, वय ७३, राहणार वरणगाव, तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. दोघांनी अडवून पाहिले.

१. राहते घर मुलगा योगेंद्र यास. तो पुण्यास असतो आणि घर विकणार आहे. बिल्डरचा माणूस मला नमस्कार करून अंगण मोजून गेला. याबद्दल माझी तक्रार नाही.

२. बँकेतील ठेव सून हेमांगी हिला, तिच्या एकटीच्या नावे. त्या ठेवीचे काय करावे यावर योगेंद्रने मत देऊ नये.

३. अंगणातील निवडुंगाविषयी आधी थोडे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढील कलम वकीलसाहेबांना पटणार नाही. यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तिथल्या एका साहेबाने बदलीच्या वेळी हातभर लांबीचा तुकडा क्वार्टरबाहेर टाकला होता, तो त्यांनी उचलून आणला. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते. म्हणून त्यांनी खड्डा करून माती काढली आणि मुरूम व विटांचे तुकडे भरले. आता तो गच्चीच्या वर गेला आहे. गल्लीत त्याला खांब म्हणतात. फळ गुळगुळीत, लाल, बिनकाट्याचे. आत पांढरा गर आणि काळे बी. साल तडकू लागली की काढावे.

यजमानांच्या हयातीत मात्र एकही फळ आले नाही. याच्या फुलाला परक्या झाडाचे पराग लागतात. त्याच तुकड्यापासून केलेले दुसरे झाड चालत नाही. हे आम्हाला उशिरा कळले. ते दरवर्षी फुले बघत आणि पुढच्या वर्षी धरेल म्हणत.

४. शेजारी रतिलाल शामराव बोंडे. काटे आपल्या बाजूला पडतात असा अर्ज त्याने नगर परिषदेत केला. आमची भिंत त्याच्या हद्दीत आहे, खांबाखालची पट्टी त्याची आहे, असा दावाही लावला. मोजणी झाली. ती त्याने मानली नाही. यजमानांच्या दहाव्याला तो माझ्या भावाला म्हणाला, "दारात काटेरी झाड लावलं की घरातला पुरुष टिकत नाही." हे वाक्य मी कोणाच्या नावे करत नाही. ते माझ्याबरोबर येईल.

त्यानंतर त्याने स्वतः जळगावच्या नर्सरीतून असाच निवडुंग आणला आणि भिंतीला खेटून लावला. का, ते विचारले नाही. त्याला फुले आली त्या हंगामात माझ्या खांबाला पहिले फळ धरले. त्याच्याही झाडाला धरले. फूल अंधार पडल्यावर उमलते आणि सकाळी मिटते. तेव्हापासून हंगामात तो त्याच्या बाजूने आणि मी माझ्या बाजूने स्टुलावर चढतो आणि ब्रशने एकमेकांच्या फुलांतले पराग घेतो. बोलत नाही. हात गुंतलेले असतात.

५. मी खुब्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला होते तेव्हा योगेंद्र रजा घेऊन इथे राहिला आणि भर मे महिन्यात खांबाला सकाळ-संध्याकाळ नळी लावली. मी परत आले आणि बुंध्यावर अंगठा ठेवला. तो आत गेला. योगेंद्र म्हणाला, "आई, एवढ्या उन्हात त्याला तहान लागत नसेल का?" त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी नुसता नळ बंद केला. यजमानांचे फॅक्टरीतले सोबती पंडित झोपे यांनी कुजलेला भाग करवतीने वेगळा केला. उरलेला खांब काप सुकेपर्यंत सावलीत आडवा ठेवला आणि नव्या मुरुमात पुन्हा उभा केला. कित्येक वर्षे फूल नव्हते.

आता योगेंद्र म्हणतो, खांब टेम्पोतून पुण्याला नेतो, बाल्कनीत ठेवतो. तो नेईलही. पाणीही घालील.

६. म्हणून खांब, त्याखालची पट्टी, स्टूल, चिमटा आणि ब्रश रतिलाल बोंडे यास. त्याचा माझ्यावर जीव नाही. पण माझा खांब गेला तर त्याच्या झाडाला फळ धरणार नाही. एवढे कारण मला पुरते.

अट एक. जे माझे नाही ते मला देता येत नाही. तेव्हा पट्टी माझी होती हे त्याने आधी लिहून द्यावे. न दिल्यास ती घराबरोबर जाईल आणि बिल्डर खांब काढील.

काल त्याला ओट्यावर बोलावून हे कलम वाचून दाखवले. तो म्हणाला, "म्हणजे मेल्यावर बी तूच जिंकशीन, अक्का."

मी म्हटले, तेव्हा बघायला मी नसेन.

"पट्टी तं माहीच हाये."

"मग माझ्याकडून घेऊ नको."

तो भिंतीपाशी जाऊन कळ्या बघत उभा राहिला. मग चहा न घेता गेला. खाली त्याच्यासाठी जागा सोडली आहे. आज सूर्यास्तापर्यंत ती कोरी राहिली तर हे कलम रद्द समजावे.

७. माझ्यामागे खांबाला पावसाळ्यात पाणी देऊ नये. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावर द्यावे, तेही थोडे. दया आल्यास घरात जाऊन बसावे.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली.

पुष्पाबाई रूपचंद नेहेते

साक्षीदार:
१. पंडित गोविंदा झोपे, वरणगाव
२. दिपमाला प्रल्हाद भंगाळे, वरणगाव

वरणगाव, दिनांक ११ जून २०२५

कलम ६ साठी सोडलेली जागा:

कलम वाचले. पट्टी पुष्पाक्काची होती. भिंतीबद्दल मी काहीही मान्य केलेले नाही.
र. शा. बोंडे