खोडलेली ओळ

४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अकरा महिन्यांनी लिहितेय. पाठीवर पिशवी टाकून एकटीच भटकतेय, हे आईकडून कळलंच असेल. काल डोंगरातल्या या तळ्याच्या गावी पोचले. बारा तासांचा प्रवास झाला, आणि त्यातले चार तास तुमच्यामुळे वाढले.

झालं असं, की सकाळी थेट गाडी समोर उभी होती. पण पाटीवर गावाच्या नावाला दुसरीऐवजी पहिली वेलांटी! नकाशात तसल्या नावाचं एक खेडं खरंच आहे. मुद्रितशोधकाची मुलगी, चढते कशाला? सगळे चढले, मी शहाणी खाली उभी. गाडी गेल्यावर तिकीट खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, की गाडी हीच होती, रंगाऱ्याचं शुद्धलेखन कच्चं आहे.

पुढची गाडी दर फाट्यावर थांबणारी. मला शेवटचं बाक, मांडीवर पिशवी, आणि शेजारी शिलाई मशीन कुशीत घेऊन बसलेल्या बाई. दर वळणाला मशीनचं चाक माझ्या बरगडीत. घाटात इंजिन तापलं, तेव्हा दीड तास सगळे रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. अंग मुडपून मुडपून तुम्ही ठेवलेलं वेलांटी हे नाव सार्थ झालं. तळं पाहिलं. तळ्यासारखं आहे. खोलीची खिडकी उघडत नाही, आणि खुर्चीवर टाकलेले मोजे वाळत नाहीत.

मागचं पत्र मी नवऱ्याचं घर सोडल्याचं सांगायला लिहिलं होतं. तुम्ही ते परत पाठवलंत, चौदा लाल खुणा करून, सोबत एक शब्दही नाही. ‘एकटी’ला मी पहिली वेलांटी दिली होती, ती तुम्ही दुसरी केलीत. वाटलं, मला धड एकटं असणंही लिहिता येत नाही. म्हणून पत्रं बंद केली.

खाली एक ओळ लिहून खोडली आहे, ती वाचू नका. दोन आठवडे इथेच आहे. पुढे जायचं त्राण नाही.

कळावे. लोभ उरला असेल तर असू द्यावा.

तुमची,
वेलांटी

१० ऑक्टोबर

चि. वेलांटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दारातच उभ्या उभ्या वाचलं. आई आतून ओरडत होती, की आधी बसा आणि मोठ्याने वाचा.

गाडी सोडलीस हे वाचून आधी हसू आलं, मग अभिमान वाटला आणि मग लाज वाटली. आईचं म्हणणं, आपण दोघं पाट्या वाचत उभे राहतो आणि गाड्या निघून जातात.

त्या पत्राबद्दल सांगतो. छापखान्यात चाळीस वर्षं मी मजकूर वाचलाच नाही, अक्षरं वाचली. मजकुरात शिरलं की चुका निसटतात. तुझं पत्र आलं आणि चार ओळींतच पुढचं वाचवेना, म्हणून लाल पेन हातात घेतलं. चुका शोधत गेलं की रडू येत नाही. शेवटाला पोचलो तरी तुला काय लिहावं ते सुचेना, म्हणून तसंच पाकिटात घातलं. आईने महिनाभर अबोला धरला. चूक माझी होती पोरि, आणि तिला कुठलीच खूण पुरत नाही.

तुझं हेही पत्र सोबत परत पाठवतोय. लगेच फाडू नकोस. चुका पुष्कळ आहेत, पण त्यांना हात लावलेला नाही. खूण एकच केली आहे. खोडलेलं वाचू नका म्हणालीस. पण एकाच रेघेने खोडावं, म्हणजे खालचं वाचता येतं, हे तुला मीच शिकवलं ना?

वेळेवर जेवत जा. मोजे आधी नीट पीळ.

लोभ होता आणि आहे. दाखवायला जमलं नाही.

तुझे,
बाबा

१६ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकिटातून माझंच पत्र निघालं आणि लाल शाई दिसली. अर्धा दिवस घडी उघडली नाही. दुखऱ्या पायांनी तळ्याला एक फेरी मारून आले, मग उघडली.

‘बाबा, मला घरी यायचंय’ ही ओळ मी खोडली होती. तिच्याखाली तुम्ही टिंबं दिली आहेत, एका ओळीत, एकसारखी. ती खूण मी सात वर्षांची असताना तुमच्या मांडीवर बसून शिकले होते. खोडलेल्याखाली टिंबं दिसली, की छपाईचे खिळे जुळवणाऱ्याने समजायचं: हे काढायचं नाही, राहू द्यायचं. खूप रडले, बाबा. इतक्या दिवसांचा शीण होता, तोही सगळा निघाला.

आणि हो, ‘पोरी’ला तुम्ही पहिली वेलांटी दिलीत! चष्मा नव्हता की डोळे भरले होते, ते विचारत नाही. तुमचं पत्र मात्र मी परत पाठवणार नाही.

परवा सकाळी निघते. पाटीवर आपल्या गावाचं नाव कसंही लिहिलेलं असो, मी चढणार आहे.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची,
वेलांटी