थंड खोलीची रेषा

प्रिय वन्सं,

पाकिटावर माझं अक्षर बघून काळजात धस्स झालं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इकडे सगळे सुखरूप आहोत. तुमचे भाऊ आत्ता बाहेरच्या खोलीत बसून संत्रं सोलतायत, म्हणजे सोलायचा प्रयत्न करतायत, आणि मी मदतीला गेले की "तू तुझं लिही" म्हणून हाकलून लावतायत. बोटांच्या पट्ट्या परवा निघाल्या. डॉक्टर म्हणाल्या, टोकांची जाणीव हळूहळू परत येईल, घाई करू नका. यांना घाई करू नका म्हणून सांगायचं! तुम्ही जन्मापासून ओळखता त्यांना, मी काय बोलणार?

वन्सं, थोडं तुम्हाला माहीत असलेलंच सांगणार आहे. पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुम्हाला कुठे माहीत आहे? आणि मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा घरात विजेच्या बिलावरून रोज धुसफुस चालली होती. पुढे दुकान आणि मागे आइस्क्रीमचा कारखाना, कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक घुसळायचं मशीन, काही फ्रीझर आणि ती थंड खोली. बिल मात्र एखाद्या गिरणीसारखं. हे म्हणायचे, मी दिवे चालू ठेवते. मी म्हणायचे, तुम्ही थंड खोलीचं दार उघडं टाकून गप्पा मारता. शेवटी कप भरणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला कामाला नाही म्हणावं लागेल, इथपर्यंत गोष्ट आली होती, आणि ते तिला सांगायचं कुणी, यावरून आणखी एक भांडण. तुम्ही दोन दिवस निमूट ऐकलंत आणि तिसऱ्या दिवशी बोर्ड उघडून प्रत्येक वायरीभोवती ती बांगडीसारखी पांढरी कडी अडकवलीत. "वीज जाते कुठे ते आधी बघा," म्हणालात, "मग काय भांडायचं ते भांडा."

मग त्या कड्यांनी मोजलेल्या विजेच्या रेषा तुम्ही माझ्या फोनवर दाखवल्यात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मशीनपाशी उभी राहते. त्याचा आवाज, त्याचा गरमपणा, सगळं मला ठाऊक. पण वीज कधी दिसते का हो? ती फक्त शॉक देते नाहीतर बिल देते. त्या दिवशी मिश्रण घुसळायला टाकलं आणि फोनवरची रेषा आधी आडवी चालली, मग हळूहळू चढायला लागली. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, मिश्रण घट्ट होतंय, मोटारीला जास्त जोर लावावा लागतोय. मी झाकण उचलून पाहिलं तर खरंच, आइस्क्रीम धरत आलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मनगटाने ओळखत आले ते कुणीतरी रेषेत काढून दाखवावं, तसं वाटलं. तुम्ही हसलात. अख्ख्या शहराच्या विजेवर नजर ठेवणाऱ्या खोलीत तुमची नोकरी, तुम्हाला काय त्याचं! पण मी त्या दिवशी भाजी करपवली, आठवतं ना?

तुम्ही परत गेलात, पण रेषा तुमच्याही फोनवर दिसत राहिल्या. तिथे बसून तुम्ही सांगितलंत की थंड खोलीचा कॉम्प्रेसर दमही न घेता चालतोय, मागची जाळी बघा. जाळी कसली, धुळीची गोधडीच झाली होती ती. साफ केली आणि दुसऱ्याच दिवशी रेषेला मध्ये मध्ये विसावा मिळायला लागला. अर्धेमुर्धे भरलेले दोन फ्रीझर होते, त्यांतला एक बंद केला. थंड खोलीतल्या जुन्या दिव्यासाठी तुम्ही फोनवर इशारा लावलात, दिवा जास्त वेळ चालू राहिला की तुमचा फोन वाजायचा आणि लगेच तुमचा यांना फोन, "अरे, दिवा कोण बंद करणार, तुझा सासरा?" बिल उतरलं. इतकं उतरलं की कप भरणाऱ्या दोघीही राहिल्या, आणि नाही म्हणण्याची गोष्ट त्यांच्या कानावरही गेली नाही.

यांना मात्र नाद लागला. जेवताना ताटाशेजारी फोन. रेषा खाली आली की मिशीत हसणार. त्यात एक रेषा होती, बारीक, सपाट, दिवसरात्र तशीच. थंड खोलीच्या दाराच्या चौकटीत गरम राहणारी तार आहे तिची. तुम्ही बजावलं होतंत, तिला हात लावू नकोस, ती का आहे ते कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय नाही. यांना वाटलं, थंड करायच्या खोलीला गरम तार हवीच कशाला? तुम्हाला चकित करायचं म्हणून कुणालाही न सांगता त्यांनी ती बंद केली. चौकटीत बर्फ धरू नये म्हणून ती तार असते, हे आम्हाला नंतर कळलं.

सुट्टीच्या दिवशी सगळं बंद असताना रेषा किती खाली जाते, ते बघायला हे सकाळी एकटेच गेले. मिनिटभराचं काम म्हणून अंगातल्या सदऱ्यानिशी थंड खोलीत शिरले, फोन बाहेर टेबलावर. दार मागे लागलं. आतला दांडा ढकलला तर तो हलला, पण दार जागचं हललं नाही. ओल्या चौकटीतलं पाणी गोठून त्याने दाराचं रबर घट्ट धरलं होतं. भिंती इतक्या जाड की आतून बोंबललं तरी रस्त्यावर पत्ता लागत नाही. हे सगळं त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं, तेही अर्धंच. म्हणाले, खांदे मारून दमलो, मग दिव्याचं बटण दिसलं. ताई सुट्टीच्या दिवशीही दिवा बघते, मला शिव्या द्यायला. दिवा चालू, बंद. चालू, बंद. बोटं वळेनाशी झाली तेव्हा कोपराने.

मी तेव्हा घरी कपडे वाळत घालत होते. तुमचा फोन आला आणि तुमचा आवाज मी असा कधीच ऐकला नव्हता, एकदम शांत. "धाकटा फोन उचलत नाहीये. कुठे आहे?" मी म्हटलं, कारखान्यात. तुम्ही म्हणालात, "थंड खोलीत कुणीतरी दिवा सारखा चालू-बंद करतंय. हे आपोआप होत नाही. पळ. पळता पळता कारखान्याशेजारच्या वेल्डरला फोन कर, पहार घेऊन ये म्हणावं. दार नुसतं ओढू नका, कडेने गरम पाणी ओता." मी कशी पोचले मला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती एवढं खरं. वेल्डर माझ्या आधी पोचला होता. मी पाण्याचं पातेलं गॅसवर चढवलं, तापताच दाराच्या कडेने ओतलं, त्याने पहार घातली आणि तुम्ही फोनवर सांगत होतात, "अजून चालू-बंद होतंय. तो शुद्धीवर आहे. अजून होतंय." मग म्हणालात, "थांबलं." वन्सं, तो शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच वेळी दार सुटलं.

हे भिंतीला टेकून बसले होते, भुवया पांढऱ्या, हात बटणाकडे वर केलेला. मला बघून म्हणाले काय, तर "दिवा बंद कर, ताई ओरडेल."

दवाखान्यात रात्रभर त्यांच्या उशाशी मी हाच विचार करत होते. भिंतीपलीकडच्या माणसाला त्यांची हाक ऐकू आली नसती. आणि एवढ्या लांब, दुसऱ्या शहरात, तुम्ही चहाचा कप हातात घेऊन रेषेतले ते दात पाहिलेत आणि ओळखलंत की हा माझा भाऊ आहे. यंत्राने फक्त दिवा दाखवला. त्यात माणूस दिसला तो तुम्हाला. मी देवभोळी नाही, पण त्या रात्री मी ते पांढरं कडं असं पाहत होते, जसं पोटातल्या बाळाचे ठोके पहिल्यांदा ऐकवणाऱ्या यंत्राकडे पाहावं. हो, एक कडं मी बोर्डातून काढून दवाखान्यात घेऊन गेले होते. कशाला, ते विचारू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमचा निरोप मिळाला, "ती कडी काढून फेकून द्या, माझ्या हौसेपायी त्याचा जीव गेला असता." त्यानंतर तुम्ही आमचा फोन घेत नाही आणि रेषाही उघडत नाही. हे सारखं विचारतात, ताईने आज पाहिलं का? वन्सं, तार बंद केली ती यांनी, तुम्ही नको म्हटलेलं असताना, आणि ते स्वतः हे गल्लीभर सांगत सुटलेत. आता तार चालू आहे, कंपनीच्या माणसाने दार बदललंय, आत घंटाही बसवलीय. कडी जागच्या जागी आहेत, दवाखान्यात नेलेलंही परत बसवलंय, मी काढू देणार नाही. पण तुमच्यापासून एक लपवलं होतं, ते आज सांगते. हे अजून त्या खोलीत पाऊल टाकू शकलेले नाहीत. रोज ट्रे घेऊन दारापर्यंत जातात, उभे राहतात, आणि ट्रे माझ्या हातात देऊन वळतात. काल पाठमोरे असताना पुटपुटले, "ताई असती तर गेलो असतो." तुम्ही तिकडे फोन पालथा घालून बसलात आणि तुमचे भाऊ इकडे दारात थिजलेत. मला एकटीला हे पेलवत नाही. चार दिवस रजा काढा आणि या. त्यांच्याबरोबर आत जा, दोन मिनिटं उभ्या राहा आणि बाहेर या. मी दार धरून उभी असेन.

तुमचीच,
दार धरून उभी राहणारी
धाकटी भावजय