बी वाळली का

१२ जानेवारी
कॉफीला गोणपाटाचा वास येतोय — आमच्या गिऱ्हाईक, चष्मेवाल्या बाईंचा निरोप. दुपारपर्यंत आणखी दोन घरांतून तेच. व्यापाऱ्याला घालायचो तेव्हा बरं होतं, कॉफीची बी कुणाची, कुठल्या ढिगात गेली, कोण विचारतंय? आता चाळीस घरांना आपण सरळ पाठवतो. तक्रारही सरळ आपल्या स्वयंपाकघरात येते.

१३ जानेवारी
कोठीतली पोती उघडली. बी आतून ओलसर, वाळायच्या आधीच भरलेली. पण भरायचं कधी, ते बाबा ठरवतात — माझे सासरे. बी दाढेखाली धरायची, कट् वाजलं की भरा. पंचेचाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत.
मग डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी कवळी बसवली. तिच्याखाली ओली काय, सुकी काय, सगळंच कट्!
नवऱ्याला म्हटलं, सांग त्यांना. "तूच सांग, तुझं ऐकतात." हो, नकोसं काम निघालं की माझं ऐकतात.

१५ जानेवारी
सगळ्यांना कळवलं — अवेळी पाऊस आला, माफ करा, बदलून देतो. चाळीस वेळा तीच थाप. बाईंचं लगेच उत्तर, "पावसापुढे कुणाचं चालतं? जिवाला लावून घेऊ नका." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ जानेवारी
नवी बी. बाबांनी चावली. "भरा." मी म्हटलं, अजून दोन दिवस राहू दे ना. "का?" मी वळून पाहिलं. नवरा स्वतःच्या चपला न्याहाळत उभा.
हीसुद्धा ओलीच गेली तर एकही घर टिकणार नाही. आणि खरं सांगितलं तर बाबा खचतील. मी पोती दिलीच नाहीत.

१८ जानेवारी
बाबा बोलत नाहीत.

२० जानेवारी
बाईंचा फोन नेमका बाबांनी उचलला. मी समोरच बी निवडत बसलेले. "पाऊस?" म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग सावकाश म्हणाले, "नाही हो बाई. थेंबसुद्धा पडला नाही. ओली भरली गेली, माझ्या हातून."
माझं ते 'राहू दे' तीन दिवस मनात घोळवत असणार. फोन ठेवला, कवळी काढून वाटीत ठेवली, तिच्याकडे बघत बसले. मला रडू आलं. लपवलं नाही.

२१ जानेवारी
सकाळी वाळवणाकडे गेले तर बाबा आधीच हजर. एक बी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "चाव. मी ऐकतो."