पुतणीच्या नावे चार बंदुका

मी, ड्रुसिला केटलिंग, वय चौऱ्याहत्तर, कै. ऑरिन केटलिंग यांची पत्नी, धंदा मेंढ्यांचा, राहणार टॅमरॅक खोरे, मोंटाना, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारे या वर्षात काही जण येऊन गेले. त्यांना कॉफी दिली आणि वाटेला लावले.

वकील प्रुइट यांनी एक छापील मसुदा पाठवला होता. त्यात "योग्य वाटेल त्याप्रमाणे" हे शब्द जागोजागी होते. योग्य कोणाला वाटेल, हे कुठेच नव्हते. तो मसुदा मी चुलीत घातला.

कलम पहिले. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात सगळे ऑरिनला दिले होते, तो माझ्याआधी गेला. दुसऱ्यात माझी पुतणी कॉर्लिस हिला काहीही देऊ नये असे लिहिले होते. ते का लिहिले आणि का खोडले, हे खाली येईल.

कलम दुसरे. मला ऑरिनशेजारी पुरावे. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हणावी, भाषण करू नये. गेली कित्येक वर्षे ते माझ्या तब्येतीची चौकशी करताना खिडकीतून ओढ्याकाठच्या कुरणाकडे बघतात. ते कुरण चर्चला मिळणार नाही.

कलम तिसरे. घर, कुरणे, ओढ्याचे पाणी आणि माझ्या पश्चात जिवंत असतील ती मेंढरे मी कॉर्लिसला देते. अट एकच. सुट्टीतली घरे बांधणाऱ्या कंपनीला यातला वीतभर तुकडाही विकायचा नाही. त्यांचा माणूस इथे आला तेव्हा त्याचे बूट कोरे करकरीत होते आणि त्याला माझ्या कुत्र्याचे नाव माहीत होते. ते त्याला कोणी सांगितले, याचा मी अजून शोध घेते आहे.

बँकेतील शिल्लक खोऱ्यातल्या मुलींच्या नेमबाजीच्या वर्गाला द्यावी. लोकर कातरायची यंत्रे जनावरांचे डॉक्टर प्रेगर यांच्या सुनेला द्यावीत. ती एकटीच यंत्रे वापरून झाल्यावर पुसून ठेवते.

कलम चौथे, बंदुकांविषयी. हे लांबणार आहे. ज्याला घाई असेल त्याने तिसऱ्या कलमावर समाधान मानावे.

ऑरिन गेला तेव्हा त्याचे कपाट बंदुकांनी गच्च भरलेले होते. त्याला बंदुका विकत घेण्याचा नाद होता. नक्षीच्या, चांदीच्या मुठीच्या, कुठल्याशा जुन्या लढाईतल्या. प्रत्येकीचे काडतूस वेगळे, आणि निम्म्यांचे काडतूस दुकानात मिळतही नव्हते. पहिल्याच वसंतात कोकरे होऊ लागली आणि भरदुपारी कोल्हा गोठ्यापर्यंत आला. मी कपाट उघडून जी हाताला लागली ती ओढून झाडली. तिच्या धक्क्याने मी पाठीवर आपटले, खांदा काळानिळा झाला. कोल्हा कोकरू घेऊन गेला, जाताना त्याने वळूनसुद्धा पाहिले नाही.

त्याच सुमारास कुंपणाची फाटके उघडी सापडू लागली. सकाळी बघावे तर मेंढ्या भलत्याच कुरणात. मेंढ्यांना चाटायला ठेवलेले मिठाचे दगड जागेवरून हललेले. फाटकाला बांधलेली दोरी मी ओळखली. तशी डावखुरी गाठ या खोऱ्यात एकच माणूस मारतो: माझा दीर वेंडेल. ऑरिनच्या दफनाच्या दिवशीच तो म्हणाला होता, "वहिनी, एकट्या बाईला नाही झेपायचं हे. मला देऊन टाक, मी बघतो." मी दिले नव्हते. म्हणजे हा मला हैराण करून हुसकावणार, हे मला लख्ख दिसले.

मी कपाटातल्या सगळ्या बंदुका ट्रकमध्ये घालून शेजारच्या हिल्डा ट्रास्ककडे गेले. हिल्डाही माझ्यासारखी नवरा गेलेली आणि तोंडाची फटकळ. तिने एकेक बंदूक उचलून बघितली.

"नवरा तुझा हौशी होता गं."

"यातली कुठली ठेवू?"

"एकही नको. आधी सांग, तुला करायचंय काय? कोल्हा हाकलायचाय? हिवाळ्यासाठी हरणाचं मटण आणायचंय? का कुणाला भ्या दाखवायचंय?"

मी पुढची बंदूक तिच्या हातात दिली. ती समजली असावी, कारण तिने माझ्याकडे फार वेळ बघितले.

"चार पुरतात बघ," ती म्हणाली. "एक शिकायला, एक अंगणाला, एक मटणाला, एक कमरेला. काडतूस इथल्या दुकानात मिळालं पाहिजे आणि दस्ता तुझ्या खांद्याला बसला पाहिजे. पाचवी घेतलीस तर समज, नवऱ्याचं वेड लागलं तुला."

ऑरिनच्या सगळ्या बंदुका विकल्या. त्या पैशांतून चार आल्या, त्या अशा. एक: बावीसची लहान रायफल, जिला धक्का जवळजवळ नाही आणि जिच्या गोळ्या स्वस्त. दोन: वीस बोअरची छऱ्याची बंदूक. दुकानदार तिच्याहून मोठ्या धक्क्याची बारा बोअर गळ्यात मारत होता, पण हिल्डाने माझा दंड पकडून त्याला दाखवला आणि विचारले, "हे काय झाडाचं खोड आहे का?" तीन: हरणाची रायफल, साध्या लाकडाची. तिचा दस्ता हिल्डाने माझ्या मापाने कापून दिला. चार: अडतीसची रिव्हॉल्व्हर, ओढ्याकाठी एकटे जाताना कमरेला लावायची.

मला वाटले, झाले. हिल्डा म्हणाली, "फिडल घेतली म्हणून कुणी वाजवणारी होत नसते." पहिला महिना तिने मला एक गोळी दिली नाही. रिकामी रायफल खांद्याला लावायची, भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरायचा, श्वास सोडत चाप दाबायचा, आणि खिळा हलला का ते सांगायचे. खिळा कसा हलेल? पण हलायचा. मग वर्षभर बावीसची, मातीच्या बांधासमोर, कागदी ताटल्यांवर. उभी राहून, गुडघ्यावर, कुंपणाच्या खांबाला टेकून. वाऱ्यात, जाड कोट घालून, धावत चढ चढून दम लागलेला असताना. पहिल्यांदा खऱ्या कोल्ह्यावर गोळी झाडली ती पाण्याच्या टाकीला लागली. हिल्डा आठवडाभर मला विचारत होती, "टाकीचं कातडं सोललंस की नाही?"

तिने एक गोष्ट मात्र हसत सांगितली नाही. "काय आहे ते दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागं काय आहे तेही. नुसतं वाटलं म्हणून चाप ओढायचा नाही. वाटणं डोळ्यात नसतं, पोटात असतं."

तिसऱ्या वर्षी मी दोन कोल्हे पाडले, एक हरीण आणले, आणि वेंडेलची वाट बघू लागले. हे मी जसेच्या तसे लिहिते. मी त्याची वाट बघत होते.

तो आला तो एप्रिलातल्या सकाळी. उजाडले होते, पण धुके इतके की गोठा अर्धाच दिसत होता. मेंढ्या अचानक एका बाजूला दबल्या. फाटकाची कडी वाजली. मी वीस बोअर घेऊन दाराबाहेर आले. धुक्यात एक काळा आकार, माणसाएवढा, आणि त्याच्या हातात काहीतरी लांब. माझ्या पोटाने सांगितले, हाच तो. बंदूक खांद्याला बसली, जशी शेकडो वेळा बसली होती. डोळ्याला मात्र नुसता आकार दिसत होता. मी बोट चापावर नेले नाही.

"कोण आहे?" मी ओरडले.

"तूच कोण आहेस ते सांग!" वेंडेलचाच आवाज. "ही माझ्या भावाची मेंढरं आहेत. एकीला हात लावलास तर गोळीच घालतो!"

धुके जरा विरले. त्याची रायफल माझ्या छातीवर रोखलेली होती. अंगात कोट, खाली झोपायचा पायजमा, पायात बूट नाहीत. तो मला बघत होता आणि ओळखत नव्हता. इतकी वर्षे माझ्या हातचे जेवलेला माणूस मला चोर समजत होता, आणि मी त्याला.

मी बंदूक सावकाश खाली जमिनीवर ठेवली. असे करताना मला जेवढी भीती वाटली तेवढी त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटलेली नाही.

"भाऊजी," मी म्हटले, "मी ड्रुसिला. सकाळची मेंढरं मोजायला आलात होय?"

"वरच्या कुरणात न्यायचीत. ऑरिन म्हणाला." रायफल हलली नाही. "ऑरिन कुठाय?"

"आत आहे. कॉफी ओतलीय त्यानं. तुमची थंड होतेय."

"आणि चोर?"

"पळाला. तुमचा आवाज ऐकून पळाला."

तो जरा सुखावला. नळी खाली आली. मी जाऊन त्याच्या हातातून रायफल घेतली. त्याची बोटे बर्फ झाली होती. नळीमागचा बोल्ट उघडला तर गोळी नळीत चढवलेली. वेंडेल माझ्या खांद्यावर हात ठेवून घरात आला आणि ऑरिनच्या खुर्चीकडे बघत बसला. मला हुसकावायला तो कधी आलाच नव्हता. लहानपणी दोघे भाऊ जशी मेंढरे फिरवत, तशी तो भावाची मेंढरे फिरवून जात होता.

दुपारी कॉर्लिस आली, त्याची मुलगी. तेव्हा ती पंचविशीची असेल. मी विचारले, "तुला माहीत होतं?"

"होतं, काकू."

"आणि भरलेली रायफल घरात ठेवलीस?"

"आठवणीसकट सगळंच निसटत चाललं होतं त्यांचं. तेवढी एकच वस्तू त्यांना ओळखत होती. ती कशी काढून घेऊ?"

मी तिला घराबाहेर काढले. वेंडेल शेवटपर्यंत वृद्धाश्रमात राहिला. मी दर रविवारी जात असे, पण कॉर्लिस आली की उठत असे. दुसरे मृत्युपत्र मी त्याच वर्षी केले. पुढे ती बंदूक शिकायला माझ्याकडे आली तेव्हा मी दार लावून घेतले. मला वाटले, हिला शिकायचे नाही, कपाटात काय आहे ते बघायचे आहे. मग कळले की हिल्डा तिला माझ्या पाठीमागे शिकवते आहे, त्याच बांधासमोर. त्यावरून हिल्डाशी मी दोन हिवाळे बोलले नाही. ती तेव्हा एवढेच म्हणाली, "ज्या पोरीनं एकदा चूक केलीय ना, तिला शिकवायला सोपं जातं." हिल्डा आता नाही. तिच्याशी न बोललेले दोन हिवाळे मला कोणी परत देणार नाही, म्हणून त्यांचे या मृत्युपत्रात काही करता येत नाही.

कलम पाचवे. गेल्या महिन्यात मी कॉर्लिसला बोलावले. तिला वाटले असेल, म्हातारी वितळली. मी वितळले नव्हते. मला तिची परीक्षा घ्यायची होती. चारही बंदुका टेबलावर मांडल्या. हरणाची रायफल उचलून तिच्या हातात दिली आणि म्हटले, "रिकामी आहे. मी स्वतः बघितलंय."

"हो काकू," ती म्हणाली. नळी भिंतीकडे वळवली आणि बोल्ट उघडला.

मला रागच आला. "सांगितलं ना बघितलंय म्हणून? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"नाही," ती शांतपणे म्हणाली.

बोल्ट मागे आला आणि एक पितळी काडतूस उडून टेबलावर पडले. ते घरंगळत साखरेच्या डब्याला लागून थांबले.

मी खरोखरच बघितले होते. त्याच सकाळी. निदान मला तसे आठवत होते, आणि अजूनही आठवते. आम्ही दोघी त्या काडतुसाकडे बघत राहिलो. कॉर्लिसने ते उचलून खिशात टाकले. "कोणाचंही होतं असं," ती म्हणाली. पण तिचे डोळे तसे म्हणत नव्हते. असे डोळे तिने आपल्या बापाकडे बघताना केलेले मी आश्रमात पाहिले आहेत.

मग तिने उरलेल्या तिन्ही उघडून बघितल्या, बोट घालून, एकेक. नंतर हात टेबलावर ठेवून म्हणाली, "काकू, बाबांच्या वेळी काढून घेतली नाही. या वेळी मी विचारणार नाही. घेऊन जाते."

मी या वयापर्यंत सगळ्यांवर संशय घेत आले: दिरावर, हिल्डावर, पाद्रीबुवांवर, या मुलीवर. एका माणसावर कधी घेतला नव्हता. आता तोही घेते.

सबब, चारही बंदुका, त्यांची काडतुसे आणि कपाटाच्या किल्ल्या मी कॉर्लिसला माझ्या हयातीतच दिल्या आहेत. त्या आज तिच्या घरी, तिच्या कुलपात आहेत. माझ्या मरणाची वाट बघण्याची गरज ठेवलेली नाही. उद्या मी त्या परत मागितल्या, रडून, शिव्या देऊन किंवा हे कलम रद्द केले असे सांगून मागितल्या, तरी तिने त्या देऊ नयेत. माझी आजची सही माझ्या उद्याच्या शब्दावर भारी समजावी. कोल्हा आला तर तिला फोन करीन. तीन मैलांवरून येईपर्यंत एखादे कोकरू जाईल. जाऊ दे.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून जनावरांचे डॉक्टर प्रेगर यांना नेमते.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. चौथ्या कलमाला टपाल कचेरीतली थिओडोरा रडली, त्यामुळे तिने पुढचे नीट ऐकले की नाही अशी शंका येऊन पाचवे पुन्हा वाचले. दोघांनाही या मृत्युपत्राने स्वतःला काही मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते. तरी आले.

सही: ड्रुसिला केटलिंग

साक्षीदार: लीफ प्रेगर, जनावरांचे डॉक्टर
साक्षीदार: थिओडोरा व्हान्स, टपाल कचेरी

स्थळ: टॅमरॅक खोरे, मोंटाना
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९